वाहकाचा धर्म

आपल्या समाजात ज्यांच्या गुणांची व्हावी तितकी वाखाणणी होत नाही, अशा माणसांत मी टपालवाल्याची गणना पहिल्याने करीन. त्याच्या पायपिटीविषयी आणि भर पावसातल्या नेमनिष्ठेविषयी कवींनी व कथालेखकांनी थोडेबहुत लिहिले आहे. परंतु त्याचा खरा मोठा गुण निराळाच आहे. तो म्हणजे त्याची उदासीनता. लग्नाची पत्रिका, विम्याची नोटीस, रुसलेल्या जावयाचे पत्र आणि सावकाराचा तगादा ही सारी तो एकाच थैलीतून, एकाच चालीने आणि एकाच चेहऱ्याने आणतो. पाकिटात काय आहे ह्याची त्यास जिज्ञासा नसते, आणि असली तरी तिचा परिणाम तिकिटाच्या दरावर होत नाही. एखाद्या टपालवाल्याने गरिबाचे पत्र वेशीवर थोपवून धरले आणि श्रीमंताचे पुढे काढले, तर त्यास टपालवाला हे नाव आपण ठेवणार नाही.

हा गुण त्याच्या अंगी उपजत आलेला नाही. तो कायद्याने आणला आहे. कंपनी सरकारच्या अमदानीत पत्राचे हशील अंतराप्रमाणे चढत असे, आणि दूरच्या आप्तास पत्र धाडणे ही सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरची चैन होती. इंग्लंडात रोलंड हिलच्या खटपटीने १८४० मध्ये एक पेनीचे टपाल सुरू झाले, आणि १८५४ च्या कायद्याने तोच विचार आपल्याकडे आला. हलक्या पत्रास अर्धा आणा, मग ते मुंबईहून ठाण्यास जावो की पेशावरास जावो! पुढे १८७९ मध्ये पोस्टकार्ड निघाले, ते पाव आण्यास, म्हणजे त्या वेळच्या एका पैशास. नोंदलेल्या वृत्तपत्रांस टपालखात्याने सवलतीचा दर दिला. पण तो वृत्तपत्र ह्या जातीला दिला, अमुक एका संपादकाला नव्हे. ह्या व्यवस्थेत दोन गोष्टी जोडीने आल्या होत्या, आणि त्यांची ही जोडी वाचकांनी ध्यानात ठेवावी अशी माझी विनंती आहे. दर सर्वांस सारखा होता, आणि तो गरिबास परवडेल इतका हलका होता.

वाहकाने उदासीनता सोडली म्हणजे काय होते, ह्याची एक गमतीची आख्यायिका टेलिफोनच्या इतिहासात आहे. अमेरिकेत कॅन्सस सिटी येथे स्ट्रोजर नावाचा एक गृहस्थ अंत्यविधीचा व्यवसाय करीत असे. त्याच्या प्रतिस्पर्ध्याची बायको टेलिफोनच्या कचेरीत तारा जोडण्याच्या कामावर होती, आणि स्ट्रोजरकडे येणारी गिऱ्हाइके ती आपल्या नवऱ्याकडे जोडून देत असे, असे सांगतात. बिचाऱ्याच्या हाती मृताचे नातलग लागेनात. अखेर त्याने मनुष्याच्या मध्यस्थीवाचून तारा जोडणारे यंत्रच शोधून काढले, आणि १८९१ मध्ये त्याचे पेटंट मिळविले. आख्यायिका कितपत खरी असेल ती असो. यंत्र मात्र खरे होते, आणि वाहकाच्या पक्षपाताला कंटाळलेला मनुष्य काय करील ह्याचे ते चांगले उदाहरण आहे.

इंटरनेटची मांडणी ज्यांनी केली, त्यांनी ही उदासीनता यंत्राच्या रचनेतच घालून ठेविली. निरोपाचे लहान लहान तुकडे पाडावयाचे, प्रत्येक तुकड्यावर पत्ता लिहावयाचा आणि मिळेल त्या वाटेने ते पुढे ढकलावयाचे. तुकड्यात चित्र आहे की हिशेब आहे, हे पाहण्याचे काम दोन टोकांवरच्या यंत्रांचे, मधल्या वाटेचे नव्हे. ह्याच साधेपणामुळे टिम बर्नर्स-ली ह्याने १९८९ मध्ये जिनीव्हाजवळच्या प्रयोगशाळेत ‘वर्ल्ड वाइड वेब’ची कल्पना मांडली, तेव्हा त्यास कोणत्याही तारकंपनीच्या दारी परवानगीसाठी तिष्ठावे लागले नाही, आणि १९९३ मध्ये त्या प्रयोगशाळेने ती विद्या सर्वांस मोकळी करून दिली. वाहकाच्या ह्या उदासीनतेला टिम वू ह्या अमेरिकन कायदेपंडिताने २००३ मध्ये ‘नेट न्यूट्रॅलिटी’ असे नाव दिले. आपण तिला जालाची तटस्थता म्हणू. तिचा अर्थ इतकाच, की रस्ता चालविणाऱ्याने गाड्यांत आवडते-नावडते करू नये.

संपन्न देशांत हा वाद बहुधा वेगाविषयी असतो. कोणाचा चित्रपट अडखळता येतो आणि कोणाचा सुरळीत येतो, अशा स्वरूपाचा तो असतो, आणि त्यात आपल्यासारख्यांनी मन घालावे असे फारसे काही नसते. परंतु दरिद्री देशांत तोच वाद देणगीचे रूप घेऊन येतो. म्हणून तो तेथे अधिक बिकट होतो. वेग कमी करणाऱ्यावर रागावणे सोपे आहे. देणाऱ्याचा हात धरणे फार कठीण आहे.

आपल्या देशात हा प्रसंग २०१५ साली आला. फेसबुक कंपनीने एका भारतीय दूरसंचार कंपनीशी सहकार्य करून त्या वर्षीच्या फेब्रुवारीत एक योजना सुरू केली. ज्या सहा प्रदेशांत ती प्रथम आली त्यांत महाराष्ट्र होता, आणि तिच्या भाषांत मराठीही होती. तीत तीस-चाळीस निवडक संकेतस्थळे डेटाचा पैसा न भरता पाहता येत. बाकीच्या जगासाठी मात्र पैसे मोजावे लागत. आरंभी ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ असे भारदस्त नाव असलेली ही योजना पुढे ‘फ्री बेसिक्स’ झाली. तिच्यावर टीकेची झोड उठली, तेव्हा कंपनीचे प्रमुख मार्क झुकरबर्ग ह्यांनी डिसेंबर २०१५ मध्ये एका इंग्रजी दैनिकात लेख लिहिला. त्यात त्यांनी महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याचा दाखला दिला होता. तो ह्या फुकट सेवेवर पावसाचा अंदाज आणि बाजारभाव पाहतो, आणि त्यामुळे त्याची स्थिती सुधारली. मग त्याने आपले पीक अधिक चांगले राखल्याने इंटरनेटचे काय बिघडले, असा त्यांचा सवाल होता. गावात वाचनालय असते, त्यात सगळी पुस्तके नसतात, म्हणून ते कोणी बंद करीत नाही, असाही दृष्टांत त्यांनी दिला होता.

हा सवाल धूर्तपणाचा आहे असे म्हणून तो झटकून टाकणे सोपे होते, आणि त्या दिवसांत कित्येकांनी तसे केलेही. मला तो झटकता आला नाही. कारण तोच सवाल आमच्या महाविद्यालयातल्या शिपाईमामांनी मला थोड्या दिवसांनी प्रत्यक्ष केला. मामा चहाचा पेला ठेवता ठेवता म्हणाले, “सर, ते फुकटातलं नेट बंद करा म्हणून शिकलेली माणसं अर्ज करतायत म्हणे. तुमच्याकडं सगळं नेट आहे. आम्हांला थोडं मिळत होतं, तर त्यात तुमचं काय जात होतं?”

मामांची गावाकडे थोडी शेती आहे आणि ते कांदा करतात, हे मला ठाऊक होते. मी विचारले, “मामा, कांदा कोणाकडे घालता?”

“ज्याची उचल घेतली, त्या अडत्याकडं.”

“आणि दुसऱ्या गाळ्यावर भाव जास्त निघाला तर?”

“निघू दे की! आपली पट्टी त्याच्याच गाळ्यावर व्हायची.”

“मग अशी उचल घेता कशाला?”

मामा हसले. म्हणाले, “सर, लागणीच्या वक्ताला रोप आणि खत कुठनं आणू? उचल वाईट आहे म्हणणाऱ्यानं आधी बियाणं द्यावं, मग बोलावं.”

ह्या दोन-चार वाक्यांत ह्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू आल्या. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत त्या इतक्या थोडक्यात आलेल्या मला आढळल्या नाहीत. प्रथम पहिली बाजू पाहू.

उचलीत वाईट असते ते तिचे व्याज नव्हे. कित्येकदा अडत्या व्याज घेतही नाही. वाईट असते ते हे, की माल कोठे न्यावा हे ठरविण्याचा शेतकऱ्याचा हक्क उचलीच्या दिवशीच विकला जातो, आणि भाव ठरतो त्या दिवशी त्याच्या हाती सौदा करण्यासारखे काही उरत नाही. निवडक संकेतस्थळांच्या फुकट वाटेचे तसेच आहे. पावसाचा अंदाज सांगणारे एक स्थळ फुकट झाले, की दुसरे स्थळ, मग ते अधिक अचूक का असेना, महाग ठरते. बाजारभाव सांगणारा एक फुकट झाला, की त्याने सांगितलेला भाव पडताळून पाहण्यास पदरचे पैसे लागतात. आणि ज्याच्या खिशात पैसे नाहीत त्याच्याच बाबतीत हा फरक निर्णायक होतो. श्रीमंताला निवडक फुकट वाट ही एक सोय असते. गरिबाला ती एकमेव वाट असते.

दुसरी गोष्ट ह्याहूनही महत्त्वाची आहे. शेतकरी म्हणजे नुसता विचारणारा आणि वाचणारा, असे त्या दाखल्यात गृहीत धरलेले होते. त्याला सांगण्यासारखे काही असेल, हा विचार त्यात नव्हता. एक पैशाच्या पोस्टकार्डाने खेड्यातल्या माणसाला पत्र मिळण्याचीच नव्हे, तर पत्र धाडण्याचीही शक्ती दिली. समजा, नांदेडच्या एखाद्या तरुणाने कापसावरच्या किडीची माहिती देणारे मराठी संकेतस्थळ काढले, किंवा दहा गावच्या शेतकऱ्यांनी मिळून आपल्या मालाची यादी प्रसिद्ध केली. मोकळ्या जालावर त्यांचे पान आणि कोट्यधीश कंपनीचे पान वाचकाच्या दारी एकाच भाड्याने येते. निवडक वाटेवर मात्र त्यांनी आधी अर्ज करावयाचा, पान कसे असावे ह्याच्या अटी पाळावयाच्या आणि मंजुरीची वाट पाहावयाची. पुढे कंपनीने अटी पाळणाऱ्या कोणासही दार उघडे ठेविले होते, हे खरे आहे आणि ते सांगितले पाहिजे. परंतु अटी घालणारी तीच, त्या बदलणारी तीच, आणि सर्वांची ये-जा तिच्याच यंत्रांतून. जाहिरातीचे उत्पन्न तोकडे असणाऱ्या मराठीसारख्या भाषांत नवे काही काढणाऱ्याची उमेद एका अर्जानेही मोडू शकते, हे मासिके चालविणाऱ्यांस वेगळे सांगावयास नको.

वाचनालयाचा दृष्टांतही मला तपासून पाहावासा वाटला. पुण्याच्या नगर वाचन मंदिराची परंपरा १८४८ पासूनची. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे, मुंबईचे १८९८ चे. ह्या संस्थांत सगळी पुस्तके कधीच नव्हती. पण त्यांतल्या ग्रंथपालाचे स्वतःचे पुस्तकांचे दुकान नव्हते, आणि मुख्य म्हणजे गावातल्या रस्त्याची मालकी त्याच्याकडे नव्हती. वाचनालयाने कोणती पुस्तके घ्यावी हा त्याच्या आवडीचा प्रश्न. वाचनालयाकडे जाणारा रस्ता फुकट आणि शेजारच्या वाचनालयाकडे जाणाऱ्या रस्त्यावर जकात, हा न्यायाचा प्रश्न. पहिल्यात निवड शोभते. दुसऱ्यात ती शोभत नाही.

ह्या तत्त्वाची खरी परीक्षा आपल्याला नको असलेली देणगी नाकारताना होत नाही. हवीशी वाटणारी देणगी पुढे आली म्हणजे होते. विकिपीडिया ह्या ज्ञानकोशाच्या चालकांनी २०१२ पासून अनेक दरिद्री देशांत, मोबाइल कंपन्यांच्या सहकार्याने, आपला कोश विनामूल्य वाचता येईल अशी व्यवस्था केली होती. ती २०१८ मध्ये त्यांनी बंद केली. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे, आणि त्यात कितीतरी हौशी मंडळींनी पदरमोड करून लिहिले आहे. माझ्यासारख्या शिक्षकास असा कोश फुकट मिळणे म्हणजे ज्ञानदानाचे पुण्य वाटावे, ह्यात नवल नाही. तरीही त्याचा मार्ग फुकट आणि दुसऱ्या कोशाचा सशुल्क, ही व्यवस्था तत्त्वतः पहिलीहून निराळी ठरत नाही. उद्या कोणी त्याहून चांगला मराठी कोश रचला, तर त्याने ह्या फुकट कोशाशी कसे झगडावे? आपल्याला प्रिय असलेल्यासाठी नियम वाकविला, की तो नियम राहत नाही. ती आवड होते.

२०१५ च्या वसंतात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, ह्या एकंदर विषयावर मते मागविली, तेव्हा दहा लाखांहून अधिक पत्रे त्या कचेरीकडे गेली. कायद्याच्या रुक्ष विषयावर इतक्या सामान्य माणसांनी सरकारास लिहावे, असा प्रसंग आपल्या देशात विरळा. अखेर ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने नियम केला, की कोणत्याही कंपनीने मजकूर पाहून डेटाचा निरनिराळा दर लावू नये. मोडल्यास दिवसाला पन्नास हजार रुपये, आणि जास्तीत जास्त पन्नास लाख रुपये दंड. आणीबाणीच्या सेवांपुरता अपवाद ठेविला होता. थोड्याच दिवसांत ती योजना भारतापुरती बंद झाली. दर सारखा ठेवण्याचा नियम असा आला. वाटेत कोणाचा मजकूर अडवू अथवा मंदावू नये, ही अट २०१८ मध्ये कंपन्यांच्या परवान्यांतच घातली गेली. दक्षिण अमेरिकेतल्या चिली देशाने ह्या तत्त्वाचा कायदा २०१० मध्येच, जगात सर्वांआधी, केला होता, आणि ब्राझीलने २०१४ मध्ये. ह्या बाबतीत गरीब गणल्या जाणाऱ्या देशांनी श्रीमंतांचे अनुकरण केले नाही, ही लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट आहे.

एकाच दाराचे घर किती धोक्याचे असते, हे पुढे इतर देशांत दिसले. म्यानमारमध्ये २०१४ नंतर मोबाइल एकाएकी स्वस्त झाले आणि लक्षावधी लोक प्रथमच जालावर आले. फ्री बेसिक्स तेथे २०१६-१७ मध्ये होते. रोहिंग्यांवरील अत्याचारांची चौकशी करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडळाने २०१८ च्या अहवालात नमूद केले, की त्या देशात बहुतेकांच्या दृष्टीने फेसबुक हेच इंटरनेट होते, आणि द्वेषाचा प्रसार करणाऱ्यांस ते उपयोगी साधन झाले. त्या भीषण घटनांची कारणे पुष्कळ आणि जुनी होती; ती सारी एका फुकट योजनेच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पण अफवा ऐकल्यावर ती पडताळून पाहण्यास दुसरे दार पाहिजे, आणि ते दार अनेकांच्या सवयीत नव्हते, इतके म्हणावयास हरकत नाही. इजिप्तमध्ये ही फुकट सेवा डिसेंबर २०१५ च्या अखेरीस बंद झाली; तीवर पाळत ठेवू देण्याची सरकारची मागणी कंपनीने मान्य केली नाही म्हणून ती बंद करण्यात आली, असे वृत्त रॉयटर्सने पुढे दिले. येथे कंपनी वागली ती योग्यच. परंतु दार एकच असले, की कुलूप लावणाऱ्यासही एकाच कुलपाची तजवीज करावी लागते.

आणि यादी करणारी दर वेळी कंपनीच असते असेही नाही. ऑगस्ट २०१९ पासून बंद असलेले इंटरनेट काश्मीरमध्ये जानेवारी २०२० मध्ये अंशतः सुरू झाले, ते मंद गतीने आणि सरकारने मंजूर केलेल्या संकेतस्थळांपुरते. त्या महिन्याच्या अखेरीस यादीत ३०१ नावे होती; मार्चमध्ये यादीची अट निघाली, आणि पूर्ण वेग फेब्रुवारी २०२१ मध्ये परत आला. एका बाजूस दातृत्व, दुसऱ्या बाजूस सुरक्षितता. हेतू अगदी भिन्न. पण यादीच्या आत राहणाऱ्या माणसाच्या जागी स्वतःस कल्पून पाहावे. तेथून दोन्ही याद्या सारख्याच दिसतात.

येथवर मामांच्या बोलण्याची पहिली बाजू झाली. दुसरी बाजू आमच्यासारख्या सुशिक्षितांस अधिक अडचणीची आहे. बियाणे कोण देणार?

आपल्याच प्रांताच्या इतिहासात ह्याला एक जुना दाखला आहे. १८७५ मध्ये पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत कर्जाने गांजलेल्या कुणब्यांनी सावकारांविरुद्ध दंगे केले. रोखे आणि खतपत्रे जाळली. सरकारने १८७९ मध्ये दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. कायद्याने सावकाराचा हात धरला. पण तेवढ्याने शेतकऱ्याच्या ओटीत बी पडले नाही. सावकारावाचून त्याला कर्ज मिळण्याची काही तरी वाट पाहिजे होती, आणि ती वाट कायद्याने उघडण्यास १९०४ च्या सहकारी पतसंस्थांचा कायदा यावा लागला. मनाई आणि तरतूद ह्यांच्या दरम्यान पंचवीस वर्षे गेली. त्या पंचवीस वर्षांत एका कुणब्याची उभी हयात सरली असेल.

आमच्या बाबतीत दैवाने अधिक घाई केली. सप्टेंबर २०१६ मध्ये एका नव्या मोबाइल कंपनीने बाजारात पाऊल टाकले आणि पहिले काही महिने सगळाच डेटा फुकट दिला. कोणतीही यादी नाही, कोणतेही आवडते-नावडते नाही. स्पर्धेने इतरांनाही दर उतरवावे लागले. ज्या डेटाच्या एका जीबीला २०१४ च्या सुमारास दोनशेंहून अधिक रुपये पडत, तो काही वर्षांत दहा-बारा रुपयांवर आला. फुकट तुकडा दिल्यावाचून गरीब जालावर येणारच नाहीत, हे भाकीत खोटे ठरले. सगळी वाट स्वस्त होताच ते झुंडीने आले. पण ह्यात आमच्या शहाणपणाचा भाग थोडा आणि बाजारातल्या लढाईचा भाग मोठा होता, हे विसरता कामा नये. लढाई संपली म्हणजे विजेते किंमत वसूल करतात. त्या वेळच्या कितीतरी कंपन्या नाहीशा झाल्या. खासगी अशा तीनच उरल्या, आणि जुलै २०२४ मध्ये त्या तिघींनीही दर वाढविले.

खुद्द ट्रायने डिसेंबर २०१६ मध्ये एक सूचना केली होती, ती ह्या संदर्भात मला फार मोलाची वाटते. खेड्यातल्या ग्राहकास दरमहा १०० एमबी डेटा सार्वजनिक निधीतून विनामूल्य द्यावा, आणि तो त्याने कोठेही वापरावा, अशी ती सूचना होती. देणगी होती, पण यादी नव्हती. मामांच्या भाषेत सांगावयाचे, तर ते बियाणे होते, उचल नव्हती. फुकट तुकड्याविरुद्ध ज्या हिरिरीने दहा लाख पत्रे गेली, त्या हिरिरीने ह्या सूचनेच्या पाठीशी कोणी उभे राहिले नाही. गावोगावच्या ग्रामपंचायतींस तारेने जोडण्याची योजना २०११ पासून चालू आहे; तीच पुढे ‘भारतनेट’ झाली. सुमारे अडीच लक्ष ग्रामपंचायतींपैकी दोन लक्षांहून अधिक ठिकाणी तार पोहोचल्याचे सरकार सांगते. तार पोहोचणे ही एक गोष्ट, आणि तिच्या टोकाशी गावच्या मुलीला बसून शिकता येणे ही दुसरी. २०१९ ते २०२१ ह्या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या पुरुषांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी कधी ना कधी इंटरनेट वापरले होते. स्त्रियांपैकी सुमारे ३३ टक्क्यांनीच.

आता वाद पुन्हा नव्या वेषाने दारी आला आहे. मोठमोठ्या संकेतस्थळांमुळे आमच्या वाटांवर गर्दी होते, तेव्हा त्यांनीही आम्हांस भाडे द्यावे, असे दूरसंचार कंपन्या गेली काही वर्षे म्हणत आहेत. वाचकाने डेटाचे पैसे आधीच मोजलेले असतात, ही गोष्ट त्यात मागे पडते. दक्षिण कोरियात धाडणाऱ्याकडून भाडे घेण्याची पद्धत आहे, आणि तिथला खर्च परवडत नाही म्हणून ट्विच ह्या अमेरिकन सेवेने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो देश सोडला. धनाढ्य कंपन्यांस चिमटा बसतो म्हणून आपण टाळ्या पिटाव्या, असा मोह होतो. पण अशी जकात एकदा बसली की ती देऊ शकणारे धनाढ्यच वाटेवर उरतात. अमेरिकेत तर २०१५ चा नियम २०१७ मध्ये रद्द ठरविला गेला, २०२४ मध्ये पुन्हा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने मोडला. बलाढ्य देशास अशी धरसोड परवडते. ज्या देशात एका पिढीची पहिली ओळख ह्या जालाशी होत आहे, त्यास ती परवडणारी नाही. कारण पहिल्या ओळखीत जी वाट दिसते, तीच वाट पुष्कळांस जन्मभर जग वाटते.

म्हणून १८५४ च्या त्या दोन जोडगोष्टींकडे मला पुन्हा लक्ष वेधावेसे वाटते. नुसता सारखा दर पुरला नसता. एक रुपया सर्वांस सारखा ठेविला असता, तर कुणब्याला तो नसल्यासारखाच होता. नुसता हलका दरही पुरला नसता. निवडक पत्रे फुकट आणि बाकीची महाग असती, तर टपालखाते ही एक मोठी जाहिरातसंस्था झाली असती. सारखेपणा आणि स्वस्तपणा ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, आणि आजवर आमच्या सुशिक्षित वर्गाने एकाच चाकासाठी खटपट केली आहे. ती खटपट योग्य होती, आणि पुन्हा वेळ आल्यास पुन्हा करावी लागेल. परंतु ज्यांनी गरिबाच्या हातची उचल सोडविली, त्यांच्यावर त्याला बियाणे मिळेल असे पाहण्याची जबाबदारी येते. गावच्या वाचनालयात आणि शाळेत चालणारी जोडणी, गरिबास सार्वजनिक निधीतून कोठेही वापरता येईल असा थोडा डेटा, आणि दरवाढीवर डोळा ठेवणारे लोकमत, इतक्या गोष्टी मागण्यास फार मोठे पांडित्य लागत नाही. दहा लाख पत्रे लिहिण्याची विद्या आपल्याला येते, हे सिद्ध झालेले आहे. पुढची पत्रे आता ह्या मागण्यांसाठी जावयास पाहिजेत.